आवाज नाही, सर्वानुमते

प्रवरेकाठच्या आमच्या शाळेला टॅब मिळाले तेव्हा देणगीदाराच्या नावाची फरशी भिंतीवर आधी बसली, टॅब आठ दिवसांनी आले. ते चार्ज करायची पेटी सहावीच्या वर्गात ठेवली. पहिल्याच दिवशी पेटीशेजारच्या मुलीने कानांत बोटं घातली. "सर, ही किंचाळती."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण वाचलेलं होतं, की चार्जरमधली तारेची गुंडाळी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या विजेने थरथरते. स्वस्त मालात ती घट्ट बसवलेली नसते, मग बारीक, उंच सूर निघतो. तो लहान वयात ऐकू येतो. वय वाढलं की कान असले सूर सगळ्यात आधी सोडून देतात.

मुख्याध्यापकांनी तिला सगळ्यांदेखत खोटारडी म्हटलं आणि अभ्यास चुकवते म्हणून व्हरांड्यात बसवलं. मी ऐकेना, तेव्हा शाळा समितीची बैठक भरली. पन्नाशी ओलांडलेले पाच जण पेटीला कान लावून उभे राहिले.

"कुठं हाय आवाज? न्हाई," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांना आला नाही म्हटल्यावर उरलेल्या चौघांनाही आला नाही. 'पेटीतून आवाज येत नाही' असा ठराव सर्वानुमते झाला आणि चहा आला.

मी म्हटलं, तपासून तरी बघा. पेटीची वायर खिडकीतून काढून व्हरांड्यातल्या बोर्डाला लावली. मुलगी आत, भिंतीकडे तोंड करून, समितीच्या पहाऱ्यात. मी बाहेरून मनाला येईल तेव्हा बटण दाबत गेलो. दहा वेळा. दहाही वेळा तिने चालू की बंद ते बरोबर सांगितलं.

"पढवून आनली आसंल सर तुमी," अध्यक्ष म्हणाले. "पोरगी लई तयार हाय."

"तुमच्यापेक्षा तयार आहे," मी म्हणालो. तेव्हापासून त्यांनी माझ्या नमस्काराला उत्तर दिलेलं नाही. मीही तो बंद केला.

चोरीची भीती सांगून मी पेटी ऑफिसात हलवली. हे कारण समितीला लगेच पटलं. मुलगी जागेवर परतली. 'खोटारडी' हा शब्द मागे घ्या, असं मुख्याध्यापकांना तीनदा सांगितलं. "ठराव झालाय सर, आता कसं?"

शेवटी मीच वर्गात सगळ्यांसमोर म्हणालो, की ही खरं बोलत होती.

ती उठून उभी राहिली. "मला म्हाईत हाय सर. त्यांना सांगा."