मालनमावशींनी पिल्लं मारली नव्हती

कोळंबीची ती पिल्लं मालनमावशींच्या हातून मेली नव्हती. मी मारली होती.

हे सांगायला मला सहा वर्षं लागली. आणि आज सांगतोय ते त्यांच्या मातीला जाऊन आल्यावर.

पलूसजवळच्या एका कोळंबीच्या हॅचरीत मी टेक्निशियन होतो. पहिलीच नोकरी. हातात फिशरीजची डिग्री, अंगात मस्ती.

मावशी तिथं आर्टिमिया बघायच्या.

आर्टिमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला इवलासा जीव. डब्यातनं त्याची अंडी येतात, कॉफी पावडरसारखी. मिठाच्या पाण्यात हवा आणि लाईट देऊन ठेवली की दिवसभरात फुटतात. कोळंबीच्या पिल्लांना हेच जिवंत खाणं लागतं.

मावशी त्याला ‘आरतीमाया’ म्हणायच्या. मी हसायचो.

फुटलेल्या अंड्यांची टरफलं पिल्लांच्या पोटात गेली तर घात. म्हणून मावशी धुतलेला आर्टिमिया वाटीत घेऊन उजेडाला धरायच्या. एक टरफल दिसलं तरी परत धुवायच्या.

“सर, तान्ह्या लेकराला कुणी टरफल चारतंय व्हय?”

एका सकाळी टाकीतली सगळी पिल्लं तळाला. पांढरी पडलेली.

मालक धावत आले. “काय झालं रं?”

मी मावशींकडं बोट दाखवलं. “यांनी नीट धुतलं नाही. टरफलं गेली.”

“आवं सर, दोनदा धुतलंय की मी.”

“डिग्री मी घेतलीय की तुम्ही?”

सगळ्यांच्या देखत.

मावशींनी जाळी धुऊन वाळत घातली, पदराला हात पुसले आणि घरी गेल्या. परत आल्या नाहीत.

त्याच दुपारी स्टोअरमध्ये हायपोचं पाकीट दिसलं. न फोडलेलं.

आदल्या दिवशी टाकीचं पाणी मीच बदललं होतं. पाण्यातलं जंतू मारायचं क्लोरीन पिल्लांनाही घातक, ते मारायला हायपो टाकायचं असतं. ते मी विसरलो होतो.

पाकीट मी मागं सरकवलं. गप्प बसलो.

पुढची बॅच झकास निघाली. माझं कौतुक झालं. मी ते घेतलंसुद्धा.

नंतर एकदा बाजारात मावशी दिसल्या. मी नजर चुकवली. त्यांनीच हाक मारली.

“सर, पिल्लं जगत्यात न्हवं आता?”

“हो मावशी.”

“बरं झालं.”

तेव्हा दोन वाक्यं बोलायची होती. मी गाडीला किक मारली.

आज त्यांची मुलगी सुनीता रडत म्हणाली, “आई म्हणायची, सर लय हुशार. माझंच कायतरी चुकलं असंल. एवढी लेकरं गेली माझ्या हातनं.”

म्हणजे माझं खोटं त्यांनी खरं मानलं होतं. शेवटपर्यंत.

मी तिथंही मान हलवून उठलो. शिरवळपर्यंत गाडी चालवली, मग बाजूला घेऊन हे लिहायला बसलो.

सुनीता, तू हे वाचशील म्हणून लिहितोय. मालक, तुम्हीही वाचा. सुनीता, तुझ्या आईचं काहीही चुकलं नव्हतं. उद्या तुझ्या घरी येतो, सगळ्यांसमोर हेच सांगतो. मग तुम्हाला काय बोलायचं ते बोला.

मावशी, तुमची माफी मागायची वेळ मीच घालवली.

मान खाली घालून तुम्हाला श्रद्धांजली.