एका परवान्यावरची दुनळी

आमच्या घरात बंदूक एकच असू शकत होती. परवाना शेतीसंरक्षणाचा, त्यावर हत्यार एक, आणि ते एकदा नोंदलं की बदलणं म्हणजे तलाठ्यापासून पुन्हा सुरुवात. सासऱ्यांनी तरुणपणी घेतलेली बंदूक त्यांच्या म्हातारपणापर्यंत चालली. दुसरी घ्यायची वेळ आली तेव्हा मी त्या घरात सून होते, पस्तिशीच्या आतली. ही आता जन्मभरासाठी घ्यायची आहे हे मला इतरांपेक्षा जास्त कळत होतं, कारण ती वापरणार होते मी. निदान माझी तशी समजूत होती.

गाव शहापूर तालुक्यातलं, शेणव्याच्या पुढे. खालची खाचरं ओढ्याकाठी आणि एक शेत वर, जंगलाच्या कडेला. खालचं भात विकलं जाई. घरात वर्षभर शिजायचा तो तांदूळ वरच्या शेतातला, झिनी, बारीक आणि वासाचा. लग्न होऊन आले त्या वर्षीच सासूबाईंनी ते शेत माझ्याकडे सोपवलं. रोपांसाठी राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत सगळं मी पाहायचे. माझी तिथली कामं ठरलेली असत आणि ठरलेल्या दिवशी होत. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

नव्वदनंतर डुकरं वाढली. दाणा दुधात आला की कळप उतरायचा. खायचा थोडं, लोळायचा जास्त. नवरा कल्याणला कंपनीत. उजाडायच्या आत घर सोडायचा, रात्रीच्या जेवणाला परत यायचा आणि सुट्टीच्या दिवशी झोपायचा. त्यामुळे राखणीला सासरे आणि मी. शेताच्या जंगलाकडच्या टोकाला चार खांबांवर बांबूचा माळा बांधलेला होता, त्यावर पाळीपाळीने बसायचं. बसायला घोंगडी माझ्या माहेरची. वडिलांनी म्हशाच्या जत्रेतून आणलेली.

सासऱ्यांची बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंध्या, मग छरे घालायचे आणि गजाने ठासायचे. हवा दमट असली की दारू पेट घ्यायची नाही. तरी ती चालवायला त्यांनी मला शिकवलं.

"गालाला लाव गो. गाल सोडलास का थोबाड फुटंल."

"आणि डोळा?"

"डोळा उघडाच ठेव. तुझ्या नवऱ्यावानी मिटू नको."

मी हवेत बार काढायचे आणि कळप माघारी जायचा. मारायचं कोणालाच नव्हतं, परतवायचं होतं. काम झालं की बंदूक गोठ्यातल्या खांबाला. दसऱ्याला कोयत्याबरोबर तिलाही एक फूल मिळायचं. एरवी ती कोयत्यासारखीच, ज्याला लागेल त्याने उचलायची.

मग एका वर्षी तिच्या नळीला बुडाशी चीर गेली. दुरुस्ती करणाऱ्याने हातसुद्धा लावला नाही. त्या हंगामात आम्ही डबे वाजवले, गवताच्या चुडी पेटवल्या. डुकरांना डब्याची सवय झाली आणि निम्मं शेत गेलं. सासरे म्हणाले, "बंदूक आली तर वरचं शेत ऱ्हाईल. नायतर पडीक टाकू. माझ्यानं आता डबं वाजवणं व्हत नाय."

म्हणजे प्रश्न सरळ होता. हाताळता येईल अशी बंदूक आली तर माझं शेत राहणार होतं.

आमच्या ओटीवर मात्र वेगळाच प्रश्न चालला होता. नवरा आणि शेजारचे काका रोज रात्री जेवणानंतर बसत. एकच घ्यायची, मग सगळ्या कामाची कोणती?

"रायफल घे," काका म्हणाले. "भेकरापास्नं वाघापरत समद्याला चालंल."

"वाघ हाय कुठं?" सासरे म्हणाले. "तुज्या सासरवाडीला?"

"नसला म्हणून काय झालं. आला तर?"

"आला तर तू पयला झाडावर. रायफल ऱ्हाईल खाली."

नवरा हसला नाही. तो सांबराचं बोलत होता, किती लांबून पडेल त्याचं. शिकार कायद्याने कधीच बंद झाली होती, आणि या दोघांनी जन्मात सशापलीकडे काही पाडलेलं नव्हतं. मी आतून विचारलं, "डुकराचं कोण बोलणार?"

"डुक्कर त्यात मरेलच गं," नवरा म्हणाला.

माझा हिशोब माझ्यापाशी तयार होता. वजनाला हलकी हवी, कारण माळ्याची शिडी एका हाताने चढावी लागते. मागचा लाकडी दस्ता आखूड हवा, म्हणजे गाल टेकून बोट चापापर्यंत पोचेल. धक्का सोसेल इतका हवा. काडतूस असं हवं की कल्याणच्या दुकानात कधीही मिळेल. आणि उघडून पुसायला सोपी हवी, नाहीतर आमच्या हवेत गंजेल. हे सगळं ज्या एका बंदुकीत बसत होतं ती बारा बोअरची एकनळी. मी सासऱ्यांना एकेक मुद्दा सांगितला. ते ऐकून म्हणाले, "बराबर हाय. आनि नावबी तुजंच घालू. जो माळ्यावर बसतो, त्याचा परवाना."

मला ते खरं वाटलं. दोन दिवस मी कामं करताना मनात गुणगुणत होते, याची आज लिहितानाही चीड येते.

सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी विषय काढला. "नवी बंदूक कुठं ठेवायची?"

"गोठ्यात," मी म्हटलं.

"गोठ्यात? एवढी दामाची वस्तू? देवाजवळ ऱ्हाईल ती. देवांच्या टाकांच्या वरती." मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आनि बाईचे चार दिस आले म्हंजे? देवाजवळच्या वस्तूला हात कोण लावील?"

"आई, जुनीला मी चारही दिवस हात लावत होते."

"ती वेगळी. ती लोखंड होती."

"ही कशाची आहे?"

सासरे तंबाखू मळत राहिले. त्यांनी तेव्हा तोंड उघडलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण बायकोशी देवाच्या बाबतीत वाद घालायचा नाही हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी माझ्यासाठी मोडला नाही. अर्ज नवऱ्याच्या नावाने गेला. तो मीच लिहिला, कारण माझं अक्षर चांगलं.

शहापूरला परवान्याच्या साहेबांच्या टेबलावर रायफल पहिल्याच फटक्यात उडाली. शेतीसाठी रायफल मिळत नाही, ते म्हणाले. मग नवरा दुनळीवर आला. दोन नळ्या म्हणजे जवळजवळ रायफलच, असं काकांनी त्याला पटवलं.

कल्याणच्या दुकानात मी बरोबर गेले. दुकानदाराने एकनळी माझ्या हातात दिली. ती खांद्याला लागली, गाल टेकला, बोट चापावर पोचलं. शोधायला काही उरलंच नव्हतं. दुकानदार म्हणाला, "वहिनींच्या मापाची आहे."

"चालवणार मी आहे," नवरा म्हणाला.

दुनळी त्याच्या खांद्याला जरा तोकडी पडत होती. दुकानदाराने त्याचा हात मापला आणि दस्त्याला मागून लाकडाचा तुकडा जोडून द्यायचं ठरलं. बंदूक तयार होऊन आली तेव्हा मी घरी एकदा धरून बघितली. गाल टेकला की बोट चापाच्या अलीकडेच राहायचं. बोट पोचवलं की गाल सुटायचा. सासऱ्यांनी धरली तर दोन्ही नळ्या हळूहळू जमिनीकडे झुकल्या. त्यांचे हात तोवर थरथरायला लागले होते. ज्यांनी माळ्यावर बसायचं होतं त्या दोघांपैकी एकालाही ती धरता येत नव्हती. नवऱ्याला मात्र ती अगदी फिट बसत होती, आणि तो कल्याणला.

दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला. गावातले लोक बघायला आले. शेत तेव्हा दुधात होतं.

मी नवऱ्याला म्हटलं, "दहा-बारा दिवस रजा काढ. माळ्यावर बस."

"कंपनी रजा देते होय असल्या कामाला?"

"मग मी घेऊन बसते. गाल सुटला तर सुटला, हवेतच तर काढायचा बार."

"परवाना माझा आहे. दुसऱ्याने उडवली तर आत मी जाईन."

कायद्याने त्याचं बरोबर होतं. जुनीच्या वेळी हा कायदा त्याला कधी आठवला नव्हता. मी डबा आणि घोंगडी घेऊन माळ्यावर गेले. आजारी सासरे घरी राहिले. डुकरं एका धुक्याच्या पहाटे आली. मी डबा वाजवला, ओरडले, पेटतं लाकूड फेकलं. कळपातल्या मोठ्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. उजाडलं तेव्हा शेत चटईसारखं अंथरलेलं होतं.

सासरे काठी टेकत वर आले. बांधावरून सगळं बघितलं. एक लोंबी उचलून चिमटीत दाबली, पांढरं दूध बोटावर आलं. ते त्यांनी धोतराला पुसलं.

"सोड हे शेत," ते म्हणाले.

"बाबा, पुढच्या वर्षी..."

"सोड. बंदूक हाय ना आता घरात."

हे ते कुणाला बोलले, मला की स्वतःला, ते मी विचारलं नाही. त्या हंगामानंतर वरचं शेत पडीक पडलं आणि घरात विकतचा तांदूळ यायला लागला. दुनळी टाकांच्या वर होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, मग परत यायची, मग पुन्हा हार.

पुढे मुंबईचे लोक बंगल्यांसाठी जागा शोधत आले. सासरे गेल्यावर वरचं शेत विकलं. डोंगर दिसतो म्हणून त्यांना ते आवडलं. परवान्याच्या नूतनीकरणाला साहेबांनी सातबारा मागितला आणि विचारलं, "शेतीच नाही तर संरक्षण कसलं?" खालची खाचरं तोवर वेगळ्या राहणाऱ्या दिराच्या वाटणीला गेली होती. नवरा घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला. विकलेल्या शेतामागे जंगलाला लागून एक पट्टी उरली होती, खळ्याएवढी. सातबाऱ्यावर भात दिसलं पाहिजे म्हणून त्या पट्टीत भात लावायचं ठरलं. लावणारी मी. नोंद झाली की डुकरं खाऊन जातात, आणि कोणी राखायला जात नाही.

नवरा रिटायर झाला. आता ओटीवर बंगलेवाले पाहुणे बसतात. तो त्यांना सांगतो, एकच घ्यायची तर दुनळीच. एकाने विचारलं, किती डुकरं पाडली. "वेळच आली नाही," नवरा म्हणाला. मी चहा ठेवून आत आले.

गेल्या पावसाळ्यात लावणीच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "परवाना तुझ्या नावावर करू या का? ठाण्यात खेपा घालायला माझे गुडघे साथ देत नाहीत."

"आणि देवाजवळची वस्तू?"

"आता तुला कसली अडचण आलीय," तो म्हणाला. "वय झालं."

मी नाही म्हटलं. दस्ता ज्याच्या हाताच्या मापाचा आहे त्यानेच खेपा घालाव्यात, असंही म्हटलं. तो रागाने उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मी पट्टीवर लावणी केली. रोपं तयार होती, ठेवली असती तर वाया गेली असती. माळ्याचा एक खांब अजून उभा आहे. रोपांच्या जुड्या मी त्याच्या बुंध्याशी ठेवल्या आणि कडेने सुरुवात केली.