पट्टीबाई

पट्टीबाई माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. दारात उभ्या राहिल्या की नजर थेट समोरच्याच्या नखांवर. जळकोटच्या उपकेंद्रातल्या या नर्सबाई. आदल्या दिवशी आईला सांगून ठेवत आणि उजाडायच्या आत घरात शिरत. झोपलेल्या पोराला पालथं करायचं, ढुंगणाला चिकटपट्टी दाबायची, ती काचेवर लावून न्यायची. पोर उठून परसाकडला गेलं की तपासणी वाया, म्हणून ही घाई. पावलांचा आवाज नाही, तोंडातून शब्द नाही. बायका कुजबुजत, "ही बाई पोरांचं काय नेती, देव जाणं."

मीही त्यांना भ्यायचे. पण माझी पाच वर्षांची शिवानी रोज रात्री झोपेतून उठून बसायला लागली. डोळे उघडे, ओळख नाही. दात करकरा खायची, मागं ओरबाडून रडायची. सासूबाईंनी निदान केलं, "बाहेरचं हाय. येत्या अवसेला पोटावर बिब्ब्याच्या फुल्या मारून आणू." तापलेल्या बिब्ब्याचे चटके, तेही एवढ्याशा पोटावर! मी कुणाला न सांगता उपकेंद्र गाठलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पट्टीबाईंनी शिवानीवर बॅटरी धरली आणि मला खुणेनं वाकायला लावलं. सुताचा पांढरा तुकडा दिसला. मग तो वळवळला.

"भूत न्हाय गं, जंत हायत," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. "रातच्याला बाहेर येऊन अंडी घालतेत. पोर खाजवतंय, अंडी नखात, नखातनं परत तोंडात. अंथरुणात बी असतेत, दिसत न्हाईत."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "एकाला झाले म्हंजी घराला झाले." म्हणून सगळ्यांना गोळी, दोन आठवड्यांनी पुन्हा एक. नखं कापली, गोधड्या उकळत्या पाण्यातून काढल्या. आठ-दहा रात्री पोर शांत निजली. आणि एका रात्री पुन्हा उठून बसली.

अमावस्या दोन दिवसांवर होती. बिब्बे घरात आले होते. सासूबाई म्हणाल्या, "औषधाला बधत न्हाय ते. आता माझं ऐक."

पट्टीबाई आल्या. गोळी घेतली का, असं एकेकाला विचारलं. सगळे 'हो' म्हणाले, मीही म्हणाले. त्यांनी माझा हात उजेडात धरला आणि बराच वेळ नखांकडे बघत राहिल्या.

"पोरीला भरवतं कोण?"

"मीच की."

"मग खोटं का बोलतीस?"

त्यांना कसं कळलं, मला आजही ठाऊक नाही. मोठ्या बाईला कुठं जंत होतात, या लाजेनं मी गोळी डाळीच्या डब्यात लपवली होती. सासूबाईंसमोर ती काढून आणताना धरणी दुभंगावी असं वाटलं. ज्याला सगळे बाहेरचं म्हणत होते, ते बहुधा माझ्याच बोटांनी घासागणिक तिच्या तोंडात जात होतं.

गोळी त्यांनी समोर चावून खायला लावली. दोन आठवडे भरत आले होते, म्हणून बाकीच्यांना दुसरी गोळीही दिली. अमावस्येला सकाळपासून दिवे लागेपर्यंत त्या आमच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. सासूबाई आत धुमसत राहिल्या, पण पोरीला कुणी बाहेर नेलं नाही. हळूहळू शिवानीच्या रात्री शांत झाल्या.

गेल्या वर्षी पट्टीबाई वारल्या. परवा आम्ही दोघी न्हाताना शिवानीनं माझ्या पोटावरच्या चार काळ्या फुल्यांवर बोट ठेवलं. "आई, हे काय गं?"

"माझ्या लहानपणी पट्टीबाई नव्हत्या," मी म्हणाले.