मधू आणि सत्काराचा डबा

सेवाग्रामच्या दवाखान्यात मधूला शेवटचं भेटलो तेव्हा त्याच्या हाताला सलाइन होतं. दम लागत होता, पण जीभ जागेवर होती. "आता तपासनी केली तं मी पक्का सापडतो," तो म्हणाला. "डॉक्टरनं स्टेरॉइड देल्लं मले." मी हसलो, तोही हसला, मग खोकत राहिला... त्याच आठवड्यात तो गेला. तेरवी होऊनही आता बरेच दिवस झाले.

मधुकर आमच्या आंजी गावातला खेळाचा मास्तर, माझं तिथंच कापडाचं दुकान. दोस्ती लहानपणची आणि भांडणंही तेवढीच जुनी, कारण माणूस चांगलाच हेकट होता. त्याच्या हाताखालून पुष्कळ पोरं धावली, पण पल्लवीसारखी कोणी नाही. शेतकऱ्याची ही पोर आठशे मीटर धावायची. जिल्ह्यात पहिली आली तेव्हा गावानं सत्कार ठरवला. एरवी अशा वेळी शाल माझ्याच दुकानातून जाते. पण त्या वर्षी मंडळाच्या पोरांनी टूम काढली, की शाल पांघरून ती काय धावणार? त्यांनी वर्ध्याहून ताकदीच्या पावडरचा भलामोठा डबा आणला, त्याला हार घातला आणि सरपंचांच्या हातून तिला दिला. मी जरा फुगूनच बसलो होतो. गावानं मानानं दिलेली वस्तू बाजूला टाकायची आमच्याकडे रीत नाही. पल्लवीच्या आईनं डबा आधी देवापुढे ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीला दुधातून चमचा चमचा द्यायला लागली. मधूला कोणी विचारलं नाही. सत्काराच्या वस्तूत विचारायचं काय?

पुढे कॉलेजात गेल्यावर विद्यापीठांच्या मोठ्या स्पर्धेत ती तिसरी आली, लघवीचा नमुना घेतला गेला आणि त्यात बंदी असलेलं औषध निघालं. ते त्या पावडरीतूनच आलं होतं, पण डब्यावर त्याचं नावसुद्धा नव्हतं. गावात सल्ल्यांना ऊत आला. डब्याचं नाव काढू नका, स्पर्धेच्या होस्टेलात कोणीतरी पाण्यात कालवलं म्हणा, पोरगी सुटेल. तिची आई रडून रडून थकली होती. मधू एवढंच म्हणाला, "पल्लवी, जे पेली ते सांगजो." तिनं सांगितलं. बंदी बसली, आणि 'डोपवाली' हे नाव पडलं ते पडलंच. मास्तरनं पोरीचं वाटोळं केलं, हे मधूच्या तोंडावर म्हणायला लोकांनी कमी केलं नाही.

मीही भांडलो, माझ्या दुकानातच. "पोरीनं चोरी नाई केली, मंग शिक्षा काऊन?"

"शिक्षा जास्त हाय, हे मलेबी वाटते," तो म्हणाला. "पन चवथी आलती ते पोरगी कोन्या गावची, तुले मालूम हाय? मलेबी नाई. तिच्याबी गावात सत्कार झाला असता ना."

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला अजूनही पुरतं पटलेलं नाही. जाणूनबुजून पिणाऱ्याला आणि नकळत पिणाऱ्याला जवळपास एकाच मापानं मोजणारा नियम मला आंधळाच वाटतो. पण ती चौथी पोरगी तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

बंदीच्या काळात पल्लवीला कोणत्याही शिक्षकाकडून शिकता येत नव्हतं. एकटीनं धावायला मात्र मनाई नव्हती. मग ती रोज सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर एकटी धावायची, आणि मधू तिथल्या कडुनिंबाच्या पारावर रस्त्याकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून बसायचा. पोरीला एकटं सोडवत नव्हतं आणि नियम मोडवत नव्हता. "मान वळवली तं तोंडातून काई ना काई निघतेच," म्हणायचा. येणारेजाणारे हसायचे, त्यांनाही तो राम राम करायचा.

परवा सकाळी मला घरात बसवेना म्हणून मैदानावर गेलो आणि पारावर त्याच्या जागी बसलो. तोंड आपसूक रस्त्याकडेच झालं. मागून पावलं जवळ आली आणि थांबली. पल्लवी धापा टाकत उभी होती.

"काका, इकडे तोंड करून बसा," ती म्हणाली. "बंदी काल संपली."

मी वळून बसलो. ती पुन्हा धावायला लागली. फार सुंदर धावते पोरगी... मधूनं हे बंदीचे इतके दिवस नुसतं ऐकलं होतं.