कपाट गेलं आणि बाबा जागीच थांबले

मंडळी, सानपाड्याचं घर आवरतेय. नवऱ्याची हैदराबादला बदली झालीय आणि शनिवारी ट्रक येणार आहे.

आज दुपारी हॉलमधलं जुनं लोखंडी कपाट भंगारवाला इतर सामानासोबत घेऊन गेला. थोड्या वेळाने तिथेच खुर्चीत बसलेले माझे सासरे उठले आणि कपाटाच्या जागी हात पुढे करून उभेच राहिले.

"अगं, कपाट कुठं गेलं?"

"दिलं ना बाबा. तुमच्यासमोरच तर नेलं!" मी हसले.

ते हसले नाहीत. "मग बाथरूम कुठल्या बाजूला?"

पंचवीस वर्षं ते याच घरात राहतायत. मी त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही.

"कधीपासून, बाबा?"

"दिवाळीपासून. बदलीच्या गडबडीत तुम्हाला आणखी टेन्शन कशाला? इथलं मला सगळं पाठ आहे."

डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. पण नवा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. बाबांना मोकळं बसता यावं म्हणून बिनग्रिलची मोठी गॅलरी आम्हीच हौसेने निवडली.

न दिसणाऱ्या माणसाला घेऊन कुणी घर बदललंय का? पहिल्या दिवशी काय केलंत?