खंडेनवमीला जोडलेली डिस्क

माझा स्वभाव संशयी आहे, असं आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. सांगू देत. चाकणला आमचं छोटं मशीन शॉप आहे, कंपन्यांना लागणारे सुटे भाग बनवतो. हे मशीनचं बघतात, मी कॉम्प्युटरचं. अनोळखी मेल आला की मी आधी फोन लावून खात्री करते, मगच उघडते. मशीन ज्यांवर चालतात ते सगळे प्रोग्रॅम एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायचे, वायर काढायची आणि डिस्क कपाटात ठेवून कुलूप लावायचं, हा माझा नेम. "घरचे दागिने उघड्यावर आणि ही डबी कुलपात!" म्हणून हे चिडवायचे.

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही पुनावळ्याच्या घरून शॉपवर आलो, कॉम्प्युटर लावला, तर एकही फाइल उघडेना. स्क्रीनवर इंग्रजीत धमकी: पैसे भरा, नाहीतर सगळं गेलं समजा. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मोठ्या कंपनीच्या ब्रॅकेटचा प्रोग्रॅम त्यातच होता. ढीगभर माल वाया घालवून तो बसवला होता आणि त्या एका कामावर आमचं शॉप चालतं. ते वेळेत गेलं नाही तर कंपनी दुसरा माणूस बघणार.

"घाबरताय काय, डिस्क आहे ना," मी ऐटीत म्हणाले आणि कपाट उघडलं. आत डिस्क नव्हती.

ती कॉम्प्युटरच्या मागे होती. वायर जोडलेली, वर हळदकुंकू आणि सुकलेला झेंडू. तिच्यातल्या फाइलींचीही तीच गत झाली होती.

"त्या ऑपरेटरचंच काम!" मी ओरडले. मशीन चालवणारा आमचा ऑपरेटर चाकणजवळच्याच एका गावातला. माझी नजर चुकवून कॉम्प्युटरला फोन लावून चार्ज करायचा.

"त्याला कशाला बोलतेस?" हे जमिनीकडे बघत म्हणाले. "खंडेनवमीला मशीन चालू करूनच पुजतो ना आपण? मग ही बंद कशी ठेवायची? म्हणून तुझ्या पर्समधली किल्ली घेतली आणि जोडली." वर पूजा झाल्यावर 'ऑर्डरमध्ये बदल' म्हणून आलेला मेलही ह्यांनीच उघडला होता.

"अहो, फोन करून विचारायचं तरी!"

"सणासुदीला कुणाला कशाला त्रास?"

माझं डोकंच फिरलं. मी ह्यांना नको नको ते बोलले. तेवढ्यात ऑपरेटर शिफ्टवर आला, दारातच सगळं ऐकलं आणि खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, ह्याच्यात हायेत प्रोग्रॅम. मागंच उतरवून घेतले व्हते."

"कशाला?"

त्यानं मान खाली घातली. "पलीकडच्या शॉपात जायचं चाललं व्हतं. रिकाम्या हातानं कोण घेतंय, मॅडम?"

म्हणजे माझा संशय खरा होता! त्याची चांगली खरडपट्टी काढायची होती, पण आधी मी पेनड्राइव्ह उचलला. पिशवीतला घरचा लॅपटॉप काढला, नेट बंद केलं आणि पेनड्राइव्ह लावून तपासला. बाकीचे प्रोग्रॅम उघडले. ब्रॅकेटचा तेवढा अर्धवटच उतरला होता.

"दुसरी कॉपी कुणाला दिलीस? खरं सांग. त्या शॉपवाल्याला दिलीस ना?"

"न्हाई मॅडम. आईची शप्पथ, एवढी एकच."

जन्मभर जो तो खोटं बोलतो असं धरून चाललेली मी, त्याच्या तोंडाकडे बघत देवाला विनवत होते, हा खोटं बोलत असू दे.