राखेने उजळलेली दुर्बीण

मंडळी, बाबांची नजर वर्षभरात जाणार, असं डॉक्टर म्हणाले. बाबांना सारस पक्षी पाहायचे होते. मोठी दुर्बीण थरथरत्या हातांना पेलेना, म्हणून मुद्दाम छोटी, हलकी घेतली.

काल खंडेनवमी. पूजेत मांडण्याआधी बाबांनी तिची भिंगं समईबरोबर राखेने घासली. षोडशोपचारांत एवढाच कमी होता!

आज राजेगावजवळच्या धानाच्या बांधीत सारसांची जोडी उतरली. बाबांनी दुर्बीण लावली.

"काहून रे, एवढं धुकं?"

ऊन लख्ख होतं. भिंगांवर ओरखडेच ओरखडे.

"हौ बाबा, लय धुकं हाय."

"मंग पुढच्या साली पाहू."

जोडी उडून गेली. भिंगं मऊ ब्रशने झाडून मगच पुसायची, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. नवी दुर्बीण मिळेल. सारस यंदा पुन्हा दिसतील असं वाटत नाही.

तुम्ही त्यांना खरं सांगितलं असतं?